दुकान, कारखाना आणि कलामहाविद्यालय

गेल्या वर्षी जून महिन्यात रोह्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, दोन दिवस सवड काढून या. तुम्ही आयुष्यभर बँकेत काढलीत, तुमचे ती ऐकेल," एवढेच तो म्हणाला. 'ती' म्हणजे त्याची थोरली मुलगी, माझी नात. बारावी वाणिज्य शाखेत तिने उत्तम गुण मिळविले होते. बी.कॉम.ला प्रवेश, त्याबरोबर सी.ए.ची तयारी आणि पुढे वडिलांच्या दुकानाचा हिशेब, अशी तिची वाट घरात सर्वांनी मनोमन आखून ठेवली होती. निकालानंतर आठवडाभराने तिने सांगितले की तिला चित्रकला महाविद्यालयात जावयाचे आहे.

बाजारपेठेतील आमचे कापडाचे दुकान तीन पिढ्यांचे. मी पोहोचलो त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून सारे ओटीवर बसले होते. पुतण्याने दुकानाची वही आणून माझ्यापुढे उघडली. "हे पाहा काका, दोन वर्षांत कागद, रंग आणि ब्रश यांवर किती गेले ते. सगळे 'किरकोळ' खात्यात टाकले आहे. मी कधी अडवले नाही. पण हौस वेगळी आणि आयुष्य वेगळे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. दुकान चालविणाऱ्या माणसाला उद्याची आवक दिसत नसेल तर झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी नातीला विचारले, "पुढे काय करणार?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बी.कॉम.ला गेलात तेव्हा पुढे काय करणार हे तुम्हाला ठाऊक होते का?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. मला खरोखरच ठाऊक नव्हते. एम.कॉम. झालो, बँकेची परीक्षा आली, ती दिली आणि नोकरी लागली. मी पुतण्यास म्हणालो, "मला पंधरा दिवस दे. मग सांगतो." पंधरा दिवस मागण्याचे कारण त्या दोघांनाही सांगितले नाही. ते येथे लिहितो.

एक जुनी चूक

१९८९-९० च्या सुमारास मी पेण येथे शाखेत अधिकारी होतो. पेणच्या शाखेत काम करणाऱ्यास गणपतीच्या कारखान्यांचे अर्थकारण आपोआप शिकावे लागते. माती, प्लास्टर, काथ्या, रंग आणि मजुरी यांचा खर्च विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो आणि आषाढापर्यंत चालू राहतो. रोकड खऱ्या अर्थाने हाती येते ती श्रावण-भाद्रपदात. मधले आठ-नऊ महिने खेळत्या भांडवलावर काढावयाचे असतात. त्यामुळे कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी कारखानदार शाखेत येत आणि एकेकाचे घरही मला परिचयाचे होई.

असाच एक कारखानदार एकदा आपल्या मुलास घेऊन आला. मुलाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले कागद होते. त्याने ते माझ्या टेबलावर पसरले. भोगावतीकाठची माणसे, कारखान्यात पॉलिश पेपर घासणारी आई, वाळत ठेवलेल्या रंगहीन मूर्तींच्या रांगा अशी पेन्सिलीची चित्रे होती. मुंबईस जाऊन पाच वर्षे शिल्पकला शिकावी अशी त्याची इच्छा होती. वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगाल तसे करू." त्या काळी शैक्षणिक कर्ज आजच्याइतके सुलभ नव्हते हे खरे. पण मी कर्जाचा विचारच केला नाही. मी म्हणालो, "चित्र काढणे कारखान्यात चालूच राहील. पदवी मात्र वाणिज्याची घ्या." मला वाटले, मी जबाबदारीने बोललो. मुलगा कागद गोळा करून गेला आणि बी.कॉम. झाला.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षे तो मला पेण स्थानकावर भेटला. दिवा-रोहा गाडीची वाट पाहत होता. एका खाजगी कंपनीत लेखनिक आहे, दोन मुले आहेत, सारे ठीक आहे, असे त्याने सांगितले. वडिलांचा कारखाना त्यांच्यामागे बंद झाला होता. हंगामात मात्र तो रात्री इतरांच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला जातो. मी म्हणालो, "म्हणजे कला सुटली नाही!" त्यावर तो हसून म्हणाला, "साहेब, डोळे अजून मीच आखतो. पण साचा दुसऱ्याचा असतो." गाडी आली आणि तो गेला. तक्रारीचा एक शब्दही त्याने काढला नाही. ते वाक्य मात्र माझ्या खात्यावर येणे म्हणून राहिले आहे.

साचा कोणाचा?

पेणच्या मूर्तिकलेस शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. देवधर घराण्याने येथे या व्यवसायाचा पाया घातला आणि हळूहळू तो शहरातून हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत पसरला. आज या पट्ट्यात शेकडो कारखाने आहेत. येथील मूर्ती मुंबई-पुण्यात जातात तशा समुद्रापलीकडील मराठी कुटुंबांतही जातात. जहाजाने जाणारा माल कितीतरी महिने आधी बांधावा लागतो.

या धंद्यातील एक गोष्ट आपल्यासारख्या व्यापारी वाचकांनी नीट समजून घ्यावी. प्रथम कोणीतरी एक मूळ मूर्ती मातीत घडवितो. तिची बैठक, सोंडेचे वळण, हातांची प्रमाणे आणि चेहऱ्यावरील भाव हे सारे त्याच्या बोटांतून येते. त्या मूळ मूर्तीवरून साचा निघतो आणि साच्यातून शेकडो, कधी हजारो प्रती निघतात. मग जोडणी, सुकवणी, घासणे, पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ही पुढची कामे करणाऱ्यास मजुरी मिळते. नगावर किंवा रोजावर मिळणारी ही मजुरी हात थांबला की थांबते. मूळ घडविणाऱ्याचे काम मात्र साच्याच्या रूपाने टिकते आणि कारखान्याची ओळखही त्यावरूनच ठरते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मूळ मूर्ती हे भांडवल आणि प्रत हा माल.

सराईत हात पेणच्या मुलास घरीच मिळतो. हाडांची ठेवण, स्नायूंचा ताण, उभ्या देहाचा तोल, छायाप्रकाश आणि पूर्वसूरींचे काम यांचा अभ्यास मात्र घरी सहसा मिळत नाही. तो नसेल तर कुशल हातही आयुष्यभर प्रती काढीत राहतो. कलामहाविद्यालय नेमकी हीच उणीव भरून काढते.

अलीकडे या प्रश्नास आणखी धार आली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. न्यायालयात वाद चालला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्याची मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करण्याची नाही. या पाच वर्षांत कारखानदारांच्या मनात कायमची धास्ती बसली. माध्यम बदलले तर साचे बदलतील. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, तिची बैठक व जाडी वेगळी आखावी लागते. जो केवळ प्रत काढणे जाणतो त्याची अशा वेळी कोंडी होते. ज्यास नव्याने घडविता येते तो वाट काढतो. शिक्षणाची किंमत अशा वेळी कळते.

महाविद्यालयात एक दिवस

त्या पंधरा दिवसांत मी पुतण्यास घेऊन कोकणातील एका छोट्या कलामहाविद्यालयात गेलो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण जे पाहिले ते अशा बहुतेक महाविद्यालयांत पाहावयास मिळेल.

इमारत साधी, वर्गही मोजकेच. एका खोलीत पितळेची घागर, वांगी आणि निळे कापड मांडून ठेवले होते आणि दहा-बारा मुले स्थिरचित्र करीत होती. दुसऱ्या खोलीत गावातील एक वृद्ध गृहस्थ स्टुलावर निश्चल बसले होते. तासाच्या हिशेबाने त्यांना मानधन मिळते, असे समजले. त्यांच्याभोवती मुले मातीत त्यांचे मस्तक घडवीत होती. आत तारेचा सांगाडा, त्यावर माती, आणि काम थांबले की ओले फडके. एखाद्या सुटीत फडके ओले करण्यास कोणी विसरले तर महिन्याच्या कामास भेगा पडतात, म्हणून मुलांनी रविवारची पाळी लावून घेतली होती. व्यापाऱ्याच्या मुलाने सणाच्या दिवशीही दुकानात दिवा लावून यावा, तसेच हे.

दिवस सकाळी लवकर सुरू होतो. बोर्ड खांद्याला लावून मुले मच्छीबाजार, एस.टी. स्थानक, रेल्वे फलाट अशा ठिकाणी जलद रेखाटने करतात. हलत्या माणसाला थांब म्हणता येत नाही, त्यामुळे डोळा पटकन पाहावयास शिकतो. दुपारी अक्षरलेखन, रंगसंगती, कलेचा इतिहास. वर्षाअखेरीस प्रदर्शन भरते. ते मुलेच मांडतात आणि पाहुण्यांस समजावूनही देतात. भाद्रपदापूर्वीचा महिना आला की पेणकडील मुलांची हजेरी रोडावते, कारण घरच्या कारखान्यात हात हवे असतात. शिक्षकही ते जाणून असतात.

विद्यार्थ्यांत कारखानदारांची मुले होती, शेतकऱ्यांची, कोळ्यांची आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांची होती. व्यापारी घरातील एकही नव्हते. दिवाळीत रांगोळ्या, मे महिन्यात लग्नघरी व्यक्तिचित्रे, जून उजाडण्यापूर्वी शाळांच्या भिंती रंगविणे, अशी कामे करून अनेकजण स्वतःची फी भरतात. हमरापूर बाजूचा एक मुलगा मला म्हणाला, "घरी मी एका हंगामात दोनशे गणपती रंगवतो. इथे नुसता एक हात काढायला मला पंधरा दिवस लागले, आणि सरांनी तो मोडायला लावला." पुन्हा केलास का, असे विचारता म्हणाला, "तिसऱ्यांदा चालू आहे."

त्यांच्या महत्त्वाकांक्षाही मी विचारल्या. हमरापूरच्या मुलास वडिलांच्या कारखान्यासाठी स्वतःचा साचा करावयाचा होता. ते ऐकताच मला पेणचे स्थानक आठवले. नागोठण्याच्या एका मुलीस कलाशिक्षिका व्हावयाचे होते, कारण तिच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला गणित घेत असत. एकास ॲनिमेशनसाठी मुंबईस जावयाचे होते. एकाने प्रामाणिकपणे सांगितले की अजून ठरलेले नाही. पुतण्या हे सारे ऐकत होता. बाहेर पडताना त्याने प्राचार्यांस सरळ विचारले, "यातली किती मुले यावर पोट भरतील?" प्राचार्य म्हणाले, "सगळी चित्रकार होणार नाहीत. काही शिक्षक होतील, काही जाहिरातीत जातील, काही रंगाच्या दुकानात बसतील. कामाची सवय मात्र सगळ्यांना लागलेली असेल. आणि तुमच्या बी.कॉम.च्या वर्गातली किती मुले हिशेबनीस होतात?" पुतण्या त्यावर काही बोलला नाही, पण परतीच्या वाटेवर प्राचार्यांचे उत्तर खोटे नव्हते असे म्हणाला.

कोणीतरी पाहावे लागते

रायगड जिल्ह्यानेच दिलेले एक उदाहरण आपल्यापुढे आहे. अलिबागजवळच्या सासवणे येथे १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. वडील शेती करीत आणि गणपतीही घडवीत. म्हणजे आजच्या पेणमधील कोणत्याही मुलासारखेच घर. मुलाने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे त्यांनी कलकत्त्यात स्टुडिओ थाटला. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचा. १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यांचे सासवण्याचे घर आता शिल्पालय आहे. सुटीत मांडव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून ते मुलांना अवश्य दाखवावे. ओसरीत आणि अंगणात ठेवलेली साधी गावातली माणसे पाहिली की शिक्षणाने गणपती घडविणाऱ्या हाताचे काय होऊ शकते ते कळते.

करमरकरांच्या गुणांविषयी कोणास शंका नाही. पण भिंतीवरचे चित्र पाहून थांबणारा अधिकारी भेटला नसता तर? १९८९ मध्ये तसाच एक मुलगा एका अधिकाऱ्यासमोर कागद पसरून उभा होता. तो अधिकारी मी होतो, आणि मी कागद पाहिले पण थांबलो नाही.

जे. जे. स्कूलचा उगमही आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय हे चीनशी व्यापार करून मोठे झालेले व्यापारी. त्यांनी १८५३ मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. एका व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीतून ती उभी राहिली. आपल्या परंपरेत भगवान ऋषभदेवांनी असि, मषि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांस शिकविली असे मानतात. वाणिज्य आणि शिल्प तेथे शेजारी बसले आहेत. आबूच्या देलवाड्याचे दर्शन घेताना आपण दात्यांची नावे भक्तीने घेतो. छिन्नी चालविणाऱ्या बहुतेक हातांची नावे आपणांस ठाऊक नसतात. पण ते हात शिकून तयार झाले नसते तर दात्यांचे द्रव्य दगडच राहिले असते.

आणि रोहेकरांस तर वेगळे सांगावयास नको. ज्यांचे बालपण रोह्यात गेले आणि ज्यांचे नाव आपल्या महाविद्यालयास आहे, ते चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि त्यांनीच कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. आमच्या व्यवसायातील या सर्वोच्च पुरुषास हिशेब आणि रसिकता यांत वैर दिसले नाही. मला ते तरुणपणी का दिसले, याचे उत्तर मजजवळ नाही.

पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी

भावना बाजूस ठेवून आता हिशेबाकडे वळतो. ज्या घरात असा प्रश्न उभा राहील त्यांना पुढील माहिती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आपली मुले शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतात. दहावीस वाढीव गुण मिळतात म्हणून आपण त्या देववितो आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळविलेल्या मुलाकडे निदान एकदा निराळ्या नजरेने पाहावे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमांची. कला संचालनालयाच्या पदविकांत एक वर्षाचा मूलभूत अभ्यासक्रम आणि त्यापुढे रेखा व रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला असे मार्ग आहेत. कलाशिक्षक पदविका दोन वर्षांची आहे. दृश्यकलेची पदवी चार वर्षांची असून तिच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जे. जे. मुंबईत आहे, अभिनव कला महाविद्यालय पुण्यात आहे, आणि आपल्या कोकणातच, चिपळूणजवळ सावर्डे येथे, सह्याद्री शिक्षण संस्थेचे शिल्प व चित्रकला महाविद्यालय आहे. रोह्याहून निघणाऱ्या कोकण रेल्वेच्याच मार्गावर ते आहे. मोठ्या शहरात जागा मिळाली नाही म्हणून वाट बंद होत नाही.

तिसरी गोष्ट, प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. संस्थेस मान्यता आहे काय? शिक्षक स्वतः काम करणारे आहेत काय? ग्रंथालयातील पुस्तके हाताळलेली दिसतात की कपाटात कुलूपबंद आहेत? जुने विद्यार्थी आज काय करतात? मुलीच्या राहण्याची आणि आपल्या पद्धतीच्या जेवणाची सोय काय? स्थळ पाहावयास जाताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

चौथी गोष्ट पैशाची. फीच्या जोडीने कागद, रंग, माती, छायाचित्रे, प्रवास यांचा खर्च मोठा असतो आणि माहितीपत्रकात तो दिसत नाही. तो वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास चार लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, आणि परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. पारंपरिक मूर्तिकारांच्या घरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आहे. तीतील अठरा व्यवसायांत मूर्तिकारही येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या दुकानात येणाऱ्या कारागिरास ही माहिती आपण सांगू शकतो.

पाचवी गोष्ट कटू आहे, पण सांगितली पाहिजे. कलाशिक्षकांच्या जागा थोड्या निघतात. स्वतंत्र काम करणाऱ्याची आवक हंगामी असते, काही महिने तर ती नसतेच. तेव्हा मुलास चित्रकलेबरोबर बिल करणे, दर सांगणे, आगाऊ रक्कम घेणे आणि कर भरणे शिकविले पाहिजे. येथे व्यापारी घरातील मुलास उपजत लाभ आहे. कलेच्या क्षेत्रात हिशेब न कळणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरातून गेलेले मूल त्यांत भर घालणार नाही.

आणि शेवटची गोष्ट आपणा व्यापाऱ्यांसाठी. दुकानाची पाटी, पिशवी, मिठाईचा खोका, लग्नपत्रिका, वडिलांच्या स्मरणार्थ तैलचित्र, अशी कितीतरी कामे आपण देतो. देताना "चार रेघांचे एवढे कसले?" असे सहज बोलून जातो. मीही बोललो आहे. वाण्याकडे कोणी "दोन मुठी डाळीचे एवढे कसले?" म्हणाला तर आपण काय उत्तर देऊ? आपल्या गावातील कलाविद्यार्थ्यांस वाजवी दरात, वेळेवर पैसे देऊन काम दिले, तर दानाची पावती फाडण्याची गरज उरणार नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी अवश्य द्यावी. पण कामाची ऑर्डर देणे हे व्यापाऱ्यास अधिक शोभते आणि घेणाऱ्यासही.

पुढे काय झाले

पंधराव्या दिवशी मी रोह्यास गेलो आणि पेणची जुनी हकीकत प्रथमच घरात सांगितली. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने तीन अटी घातल्या: दुकानाचा मासिक हिशेब तिने आठवड्यातून एकदा पाहावा; बी.कॉम.साठी दूरस्थ शिक्षणाने नाव घालावे. आणि पहिल्या वर्षानंतर पुन्हा एकत्र बसून विचार करावा. नातीने तिन्ही मान्य केल्या. चौथी अट तिने स्वतःच घातली, ती म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत पेणच्या कारखान्यात काम करण्याची.

या मे महिन्यात ती महिनाभर गेली. मी त्या जुन्या ओळखीच्या गृहस्थास शोधून काढले. रात्री आखणीस जाताना ते तिला सोबत नेत आणि शेजारी बसवून घेत. पहिले आठ दिवस त्यांनी तिला डोळ्यास हात लावू दिला नाही, फक्त पाहावयास सांगितले. महिन्याच्या शेवटी कारखानदाराने तिची मजुरी पाकिटात घालून दिली. त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर तिच्या वहीतील मातीकामाची रेखाटने एकेक करून पाहिली. एका पानावर थांबून म्हणाले, "ही मूर्ती मातीत करून बघ. साच्याचे मी बघतो." मी त्यांची क्षमा मागावी असे मनात होते, त्या क्षणी शब्द आले नाहीत. घरी येऊन पत्र लिहिले. त्याचे उत्तर आलेले नाही, आणि ते मागण्याचा मला अधिकार नाही.

गेल्या महिन्यात रोह्यास गेलो असता दुकानात बसलो होतो. वही समोरच होती. सवयीने पाने उलटली. कागद आणि रंगांचा खर्च आता 'किरकोळ'मध्ये नाही; मुलीच्या नावाने स्वतंत्र खाते उघडलेले आहे. नावे बाजूस खर्च आहे आणि जमा बाजूस पेणच्या मजुरीची एकच नोंद आहे. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आहे आणि दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बसणार आहोत. वर्षाचा विचार करावयाचा ठरला होता, तो करू. निर्णय काय होईल ते आज सांगता येत नाही.